बॉनव्हिल धरणाची काच आणि पुलाखालचा सॅल्मन : चढणीला पाच तारे, उतरणीला दोन

आधी कामाचं सांगतो, गप्पा नंतर. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडहून ८४ नंबरचा हायवे धरायचा आणि कोलंबिया नदी डाव्या हाताला ठेवून पूर्वेकडे सुटायचं. साधारण ६५ किलोमीटरवर बॉनव्हिल धरण लागतं. आत जायला पैसे नाहीत, गाडी लावायलाही नाहीत. फाटकावर पहारेकरी गाडीत डोकावतो, हत्यार वगैरे आहे का विचारतो आणि सोडतो. ब्रॅडफर्ड बेटावरच्या इमारतीत शिरलात की वरच्या मजल्यावरचं प्रदर्शन नंतर बघा, आधी लिफ्टने तळाला जा. तिथे भिंतीत मोठ्या काचा आहेत, काचेपलीकडे हिरवट पाणी, आणि त्या पाण्यातून समुद्राकडून अंडी घालायला आलेले मासे, त्यांच्यासाठी बांधलेल्या शिडीने धरण चढून वर जाताना दिसतात.

मात्र मनात आलं म्हणून उठून जाऊ नका. कुठल्या जातीचे किती मासे काल चढले याचा आकडा धरणवाले रोज जाहीर करतात. तो बघून निघा, नाहीतर नुसतं पाणी बघून परत याल. सप्टेंबरचा पहिला-दुसरा आठवडा सगळ्यात चांगला. तेव्हा मोठा चिनूक सॅल्मन चढतो. एप्रिल-मेमध्येही चिनूक असतो, पण कमी. जूनच्या शेवटी आणि जुलैत सॉकाय, ही सॅल्मनचीच दुसरी जात.

मी चिपळूणचा. धरणं आणि कालव्यांच्या कामावर उभी नोकरी काढलेला, आता निवृत्त. लेक-जावई पोर्टलंडजवळ बीव्हर्टनला असतात म्हणून उन्हाळा इकडे. एरवी धबधबे दाखवायला नेतात तेव्हा मी गाडीतच बसून राहतो, सह्याद्रीतल्या माणसाला धबधब्याचं काय! धरण म्हटल्यावर मात्र पुढच्या सीटवर जाऊन बसलो.

आता काचेबद्दल. जून महिन्यात गेलो तेव्हा काच शॅड माशाने गच्च भरली होती. चपटा, चंदेरी, पोटाला करवतीसारखी धार. आमची ही बघताक्षणी म्हणाली, "अहो, हा तर पाला!" खाडीतला पाला, म्हणजे बंगाल्यांची हिलसा, आणि हा शॅड एकाच कुळातले. गंमत अशी की हा मासा इथला नाहीच. १८७१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून त्याची पिल्लं कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीत आणून सोडली, तिथून तो समुद्रमार्गे कोलंबियात घुसला. २०१९ मध्ये या एका धरणावरून ७० लाखांहून जास्त शॅड वर गेले. तो धरायला संख्येची मर्यादा नाही, त्याच्यासाठी कोणी कोर्टात जात नाही आणि काट्यांमुळे गोरे लोक त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. ज्या सॅल्मनसाठी शिडी बांधली तो मागे पडला आणि आगंतुक पाहुणा लाखांनी चढतोय. शेजारचे बंगाली गृहस्थ जूनमध्ये गळ घेऊन इथेच उभे असतात, त्यांची काही तक्रार नाही.

सप्टेंबरात परत गेलो तेव्हा चिनूक. हाताच्या लांबीचा, जाड, पाण्याच्या जोरावर तोंड करून एका जागी थांबलेला, मग शेपटीचा एक फटका आणि गायब. त्याच्या पाठीवर नीट बघा. मोठ्या परामागे, शेपटीच्या अलीकडे, एक बारीकसा मांसल पर असतो. सरकारी उबवणकेंद्रात वाढवलेल्या बहुतेक पिल्लांचा तो पर कापून मगच त्यांना नदीत सोडतात. ज्याला तो आहे तो बहुधा रानचा, म्हणजे नदीत स्वतः जन्मलेला. हौशी गळवाल्याला रानचा लागला तर बऱ्याचदा तो परत सोडावा लागतो. मी बसल्या बसल्या मोजत होतो. पर नसलेले पुष्कळ जास्त. तेव्हा काचेत मासे भरपूर दिसले म्हणजे नदी सुधारली असं समजून घरी येऊ नका.

मोजणीचं काम मात्र बघण्यासारखं. १९३८ पासून इथे मासे मोजतात. खिडकीशी माणूस बसतो, जात ओळखून बटण दाबतो. दर तासाला ५० मिनिटं मोजायचं, उरलेल्या १० मिनिटांचा हिशेब गुणाकाराने लावायचा. आमच्या वेळी पर्जन्यमापकाची नोंद शिपाई घरी बसून करायचा, त्यामुळे मला या शिस्तीचं फार कौतुक वाटलं. या एका आकड्यावर पुढे किती दिवस जाळी टाकायची, कोणाच्या वाट्याला किती मासे, हे सगळं ठरतं.

शिडीची रचना साधी आहे. सिमेंटच्या हौदांची उतरंड, प्रत्येक हौद खालच्यापेक्षा साधारण फूटभर उंच. पाणी वरून ओसंडतं, तळाशी भोकं असतात. मासा उडी मारतो किंवा भोकातून निघतो, थोडा विसावतो, पुन्हा पुढे. खरी कारागिरी तोंडाशी आहे. एवढ्या रुंद नदीत, जनित्रांच्या खळखळाटात, माशाला शिडीचं दार कसं सापडायचं? म्हणून दारातून मुद्दाम जोराचा प्रवाह सोडतात. मासा प्रवाहाच्या अंगावर जाणारा, तो आपोआप तिकडे वळतो. माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही नकाशात माशांसाठी अशी वाट काढलेली नव्हती, आणि कोणी मागितलीही नव्हती. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की चढणीचे मासे ओढ्यांतून, भाताच्या खाचरांतून वर येतात, पोटात अंडी घेऊन, आणि आपण नेमके तेव्हाच टोपल्या घेऊन उभे असतो. समुद्रातल्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ओढ्याकडे बघतो कोण?

पण म्हणून इथल्या इंजिनिअरांचं हृदय मोठं होतं असं मानू नका. याच नदीवर वर ग्रँड कूली धरण १९४२ मध्ये पुरं झालं, जगातल्या मोठ्या धरणांपैकी एक, आणि त्याला शिडीच नाही. समुद्रातून येणाऱ्या सॅल्मनला त्यावरची शेकडो किलोमीटर नदी त्या धरणाने बंद झाली. जिथे कोणीतरी भांडलं तिथे शिडी झाली. इथे वीज, पाणी, काँक्रीट सगळं कोर्टाच्या आणि कायद्याच्या चिमट्यात आहे, आणि ते समजून घेतलं नाही तर ही जागा म्हणजे फुकटातलं मत्स्यालय वाटेल.

ही भांडणं जुनी आहेत. १८५५ मध्ये याकामा, उमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या आदिवासी राष्ट्रांनी अमेरिकन सरकारशी करार केले. जमीन प्रचंड गेली, पण एक कलम त्यांनी राखलं : आपल्या नेहमीच्या, वहिवाटीच्या जागी मासे धरण्याचा हक्क. हे कलम सरकारने दान दिलेलं नाही, त्यांचं होतं ते त्यांनी स्वतःकडे ठेवलं, असं सुप्रीम कोर्टाने १९०५ मध्ये विनान्स खटल्यात म्हटलं. तरी पुढची साठ-सत्तर वर्षं त्यांनाच अटका होत राहिल्या. मग सोहॅपी कुटुंबातले मच्छीमार कोर्टात गेले आणि १९६९ मध्ये न्यायाधीश बेलोनी यांनी निकाल दिला की आदिवासींना माशांचा न्याय्य वाटा मिळालाच पाहिजे. न्याय्य म्हणजे किती? १९७४ मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीश बोल्ट यांनी सांगितलं, निम्मा. तेच सूत्र इकडे कोलंबियालाही लागू झालं आणि १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने बोल्ट यांची बाजू उचलून धरली.

निम्मा वाटा म्हटल्यावर खरी मेख येते. नदीत मासाच उरला नाही तर निम्मा कशाचा? म्हणून वाटणीचा निकाल हळूहळू नदीच्या रक्षणाचा झाला. १९७७ मध्ये चारही राष्ट्रांनी मिळून स्वतःचा मत्स्य आयोग काढला, त्यांचे स्वतःचे शास्त्रज्ञ, स्वतःचे पोलीस.

बॉनव्हिलपासून वर साधारण नव्वद किलोमीटरवर सेलायलो नावाचा धबधबा होता. लोक फळ्यांच्या मचाणांवर उभे राहून हजारो वर्षं तिथे मासे धरत आले. १० मार्च १९५७ ला द डॅल्स धरणाचे दरवाजे बंद केले आणि काही तासांत धबधबा बुडाला. भरपाई दिली गेली, पण ती बुडालेल्या जागांची होती, मासे धरण्याच्या हक्काची नव्हती. हा फरक कागदावर टिकला म्हणून आज ते लोक कोर्टात उभे राहू शकतात. कोयनेच्या धरणग्रस्तांचे कागद ज्यांनी पाहिलेत त्यांना या एका वाक्याचं मोल कळेल.

दुसरा कायदा १९७३ चा, नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांचा. नोव्हेंबर १९९१ मध्ये कोलंबियाला मिळणाऱ्या स्नेक नदीचा सॉकाय त्या यादीत गेला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, शेजारच्या आयडाहो राज्यातल्या रेडफिश तलावापर्यंत एकच सॉकाय पोचला. एकच, नर. समुद्रापासून साधारण १,४५० किलोमीटर, मध्ये आठ धरणं, वर दोन हजार मीटरची चढण, आणि पोचल्यावर जोडीला कोणी नाही. त्याला लोकांनी 'लोनसम लॅरी' म्हणजे एकटा लॅरी असं नाव दिलं. आज कोलंबियाच्या खोऱ्यातले सॅल्मन आणि त्याचाच भाऊबंद स्टीलहेड यांचे १३ गट त्या यादीत आहेत. यादीत नाव लागलं की सरकारी खात्याला धरण हवं तसं चालवता येत नाही. या माशांना धोका नाही हे लिहून द्यावं लागतं, आणि ते लिहिलेलं न्यायाधीश तपासतो. इथे असे अहवाल कोर्टाने एकदा नव्हे, वारंवार परत पाठवलेत, शेवटचा मोठा फटका २०१६ मध्ये न्यायाधीश सायमन यांचा. आमच्याकडे अंदाजपत्रक एकदा परत आलं तरी साहेब आठवडाभर कोणाशी बोलत नसत.

आता दोन तारे का कापले ते. नव्हे, दोनच तारे का दिले ते. काचेत दिसते ती चढण. उतरण दिसत नाही. नदीत वर जन्मलेलं बोटभर पिल्लू समुद्राकडे जाताना शेपटी पुढे करून प्रवाहाबरोबर वाहत येतं, शिडीबिडी शोधत नाही. त्याच्यापुढे जनित्राचं पातं, नाहीतर सांडवा. शिवाय धरणामागे पाणी तुंबलेलं, संथ आणि उन्हाने तापलेलं. जो प्रवास पूर्वी पुराच्या पाण्यावर झपाट्याने व्हायचा तो आता आठवड्यांवर जातो. २०१५ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं तापलं की वर चढणारे सुमारे अडीच लाख सॉकाय वाटेतच मेले. त्यावर शिडीचा काय उपयोग? पिल्लांसाठी एक उपाय म्हणजे सांडव्यावरून पाणी सोडायचं, वीज न करता. २००५ मध्ये न्यायाधीश रेडन यांनी उन्हाळ्यातही तसं सोडण्याचा हुकूम दिला. ज्याने आयुष्यभर पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवलाय त्याला हे ऐकून पोटात खड्डा पडतो. माझ्याही पडला. पण वीज विकून आलेल्या पैशातून माशांचा खर्च करायचा हे १९८० च्या कायद्यानेच ठरवून दिलंय, आणि वीजगिऱ्हाईक ते दरातून भरतं. नदी वापरायची तर भाडं द्या, असा रोखठोक हिशेब. तो मला पटला.

स्नेक नदीवरची खालची चार धरणं पाडावीत की नाही, हा इथला चुलीपर्यंत पोचलेला वाद आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार, ओरेगन-वॉशिंग्टन ही राज्यं आणि आदिवासी राष्ट्रं यांच्यात मोठा समझोता झाला होता, शंभर कोटी डॉलरांहून जास्त खर्चाचा, आणि खटले थांबले होते. जून २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी एका कागदाने तो मोडला, भांडण पुन्हा कोर्टात. जावई म्हणतात पाडायला हवीत. मी म्हणतो, आधी मालवाहू तराफ्यांनी खाली येणाऱ्या गव्हाचं काय करणार ते सांगा. जेवताना हा विषय काढायचा नाही असं हिने ठरवून दिलंय.

आणखी एक मजा. धरणाखाली सी लायन, म्हणजे सीलसारखे समुद्री प्राणी, जमतात, मासे शिडीच्या तोंडाशी दाटलेले असतात ना, आयतं ताट. त्यांना मारायला १९७२ चा सागरी सस्तन प्राण्यांचा कायदा आडवा येतो. म्हणजे एका कायद्याचा लाडका दुसऱ्या कायद्याच्या लाडक्याला खातो. शेवटी २०१८ मध्ये कायदा बदलून राज्यांना आणि आदिवासी राष्ट्रांना तिथे सोकावलेले सी लायन पकडून मारायची मुभा दिली. काचेवर तोंड चिकटवून बसणारा लँप्रे दिसला तर पोरांना दाखवा, वाम माशासारखा, पण जबडा नसलेला. शिडी सॅल्मनच्या मापाने बांधलेली, तिचे काटकोन त्याला वळता येत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी वेगळे उतार बसवलेत. आदिवासींच्या ताटातला तो मानाचा मासा, पण १९७३ च्या त्या यादीत त्याचं नाव नाही.

खायचं असेल तर हे नक्की वाचा. ब्रॅडफर्ड बेटाच्या कडेने नदीत जुनं विजेचं सामान टाकलेलं सापडलं, पाण्यात विषारी रसायनं उतरली, आणि २०२२ मध्ये ही जागा देशातल्या सगळ्यात दूषित जागांच्या यादीत गेली. धरणाजवळचे कायम इथेच राहणारे मासे खाऊ नका, असा आरोग्य खात्याचा इशारा आहे. सॅल्मन, शॅडसारखे ये-जा करणारे मासे चालतील, कारण ते इथे मुक्काम करत नाहीत.

आता खरेदी. हिला विचाराल तर सगळ्या सहलीचं सार्थक इथेच झालं. धरणापासून पुढे दहा मिनिटांवर कॅस्केड लॉक्स गाव, तिथे 'ब्रिज ऑफ द गॉड्स' नावाचा लोखंडी पूल. बॉनव्हिलपासून वर मॅकनेरी धरणापर्यंतच्या पट्ट्यात धंद्यासाठी जाळं टाकायचा हक्क फक्त त्या चार राष्ट्रांच्या मच्छीमारांना आहे. त्यांचा हंगाम उघडला की पुलाजवळ गाड्या लावून, बर्फाच्या पेट्या मांडून ते मासे विकतात. रोख पैसे न्या. बर्फाची पेटी न्या. आणि पावती मागून घ्या, कारण गळाने हौसेखातर धरलेला सॅल्मन विकायला बंदी आहे, तेव्हा वाटेत कोणी विचारलं तर हा मासा कराराच्या हक्काने धरलेला आहे याचा पुरावा ती पावतीच.

आम्ही ज्या बाईंकडून घेतला त्या साठीच्या पुढच्या, केस मागे बांधलेले, हात दाभोळच्या बाजारातल्या कोळणीसारखे झपझप चालणारे. हिने पहिल्यांदा कल्ले उघडून बघितले. बाईंनी मान हलवली, जणू कोणीतरी शहाणं गिऱ्हाईक आलं. चिनूक दोन तऱ्हेचा होता, एक चंदेरी, दुसरा काळपट सोनेरी आणि स्वस्त. वर दूर जाणारा मासा अंगात चरबी भरून येतो, तो चंदेरी. काळपट तो जवळच अंडी घालणारा, त्याची चरबी आधीच खर्ची पडलेली, मांस फिकट. चंदेरीच घ्या. मुडकं फेकू नका, आम्हाला द्या, असं हिने खुणेने सांगितल्यावर बाई हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडेही डोकं म्हाताऱ्यांना देतात. तेवढ्यात एक तरुण मागे ठेवलेलं डोकं परत घेऊन गेला, बहुधा त्याची आजी वाट बघत असावी. आम्हाला दुसऱ्या माशाचं मिळालं.

घासाघीस करू नका. मी करून बघणार होतो, हिने कोपर मारलं. वाटेतल्या एका हॉटेलात (नाव देत नाही) आदल्या वेळी सॅल्मन मागवला होता, तो वाळवलेल्या लाकडासारखा आला, वर लिंबाची फोड. त्या पैशांत इथे दोन दिवसांचं जेवण झालं.

स्वयंपाकाचं हिच्या शब्दांत देतो. नारळ निम्मा करा, माशातच इतकं तेल आहे की नेहमीच्या वाटणाने कालवणावर तवंग चढतो. आंबटाला आमसुलं सढळ, तिरफळं चार जास्त. फार ढवळू नका, तुकडी लगेच सुटते. तळायची तर रवा बारीक लावा आणि तेल अगदी थोडं. गाबोळी आम्हाला पाहिजे होती, पण त्या बाईंनी ती घरी ठेवली होती, दुसऱ्या पेटीवाल्याकडे मिळाली. तिला हळद-मीठ लावून वाफवली, मग मिरची-कांद्यावर परतली. दाणे टपोरे, मटारएवढे, आपल्या गाबोळीसारखी घट्ट वडी होत नाही. चव मात्र अशी की जावयांनी भात सोडून तीच संपवली. डोक्याचं सार दुसऱ्या दिवशी.

तारे असे : मासे चढवण्याच्या व्यवस्थेला पाच, उतरवण्याच्या व्यवस्थेला दोन, बाईंच्या पेटीला पाच. सोमवार-मंगळवारी गर्दी कमी असते. पुलाजवळ पोचल्यावर पेट्या दिसल्या नाहीत तर हंगाम बंद आहे असं समजा आणि आदिवासी मत्स्य आयोगाची सूचना बघून परत जा. तो बंद ठेवायचा निर्णय बहुतेक वेळा खिडकीतल्या त्या आकड्यावरूनच झालेला असतो.